सुकाणूवरचा शहाणा

होडीत हात कमी पडत होते, मुळात अडचण एवढीच होती.

शिडाच्या दोऱ्यांना दोन हात लागायचे. सुकाणूच्या दांड्याला एक, आणि तो हात काही केल्या सोडायचा नाही. सोडला की होडी मनाला येईल तिकडे तोंड फिरवणार. बाळाला दोन, आणि बाळ जागं असेल तर तीन. नवऱ्याचे हात दोन, त्यातला एक कायम काहीतरी शोधत असलेला. उरले तिचे दोन. बाळाचे लंगोट वाळत घालताना तिनं हे गणित कितीतरी वेळा मांडलं, पण उत्तर बदलेना. सासूबाईंचे हात यात धरायचे नव्हते, कारण सासूबाई पलीकडे येणार नव्हत्या.

पलीकडे तिचं माहेर होतं. हवा स्वच्छ असली की इथल्या गच्चीतून खाडीपलीकडची पाण्याची टाकी दिसायची, आणि टाकीच्या डाव्या हाताला, खुब्याचं हाड मोडून चाकाच्या खुर्चीत बसलेली तिची आई होती. आईनं नातवंडाला फोनच्या पडद्याखेरीज कुठं पाहिलं नव्हतं. फेरीबोट धक्क्याच्या दुरुस्तीसाठी तीन महिने बंद. रस्त्यानं जायचं तर सात तास नुसती वळणं, आणि मागच्या खेपेला बाळानं तिसऱ्याच वळणावर गाडीतल्या सगळ्यांना कपडे बदलायला लावले होते.

तीन महिने थांबायला हरकत नव्हती, असं सगळे म्हणत. पण तिनं पुस्तकात वाचलं होतं, की नवव्या महिन्याच्या आसपास बाळं अनोळखी चेहऱ्यांना घाबरायला लागतात. बाळ साडेआठ महिन्यांचं होतं. तेव्हापासून ती रोज सकाळी त्याला पेपरवाल्यापुढं धरायची. पेपरवाला कंटाळून गेला होता, तरी बिचारा दात दाखवायचा. बाळ हसलं की ती वहीत लिहायची, ‘आज हसलं. अजून वेळ आहे.’ पहिल्याच भेटीत बाळानं आजीला बघून भोकाड पसरलं असतं तर आई एका शब्दानं काही बोलली नसती, आणि तेच तिला सोसवलं नसतं.

सासूबाईंचं प्रकरण वेगळं होतं. चार वर्षांपूर्वी त्यांनी विहिणीसाठी एक कोट शिवला होता. चाळीस वर्षं शिवणकाम करून त्यांनी निम्म्या शहराचे खांदे मापले होते. विहिणीचे तर त्यांनी नुसत्या नजरेनं मापले. विहिणीनं तो कोट बगलेत सैल करून घेतला, आणि तोही दुसऱ्या शिंप्याकडून. आपल्या शिवणीला परक्याची कात्री लागली हे कळल्या दिवशी सासूबाईंनी जाहीर केलं, की त्या घराचा उंबरा आता ओलांडणार नाही. आणि सासूबाईंचा शब्द म्हणजे दुहेरी टीप, उसवायची सोय नाही.

तर हात कमी पडत होते म्हणून नवऱ्यानं ऑटोपायलट आणला.

ती वस्तू दिसायला सायकलच्या पंपासारखी होती. एक टोक होडीच्या उजव्या बाकावर पक्कं बसवायचं, दुसरं सुकाणूच्या दांड्यावरच्या खिळीत अडकवायचं. पोटात तिच्या होकायंत्र. बटण दाबलं की ज्या दिशेला होडीचं तोंड असेल ती दिशा ती लक्षात ठेवणार, आणि होडी जरा वाकडी गेली की ‘घुर्र’ करून दांडा ढकलणार, ‘टक’ करून परत ओढणार. झोप नको, चहा नको, आणि ‘आता तू धर’ असं म्हणणं नको. सासूबाईंनी पाच मिनिटं तिच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “बराच शहाणा दिसतोय.” तेव्हापासून तिचं नाव शहाणा पडलं.

बसवायला धक्क्यावरचा मिस्त्री आला. हा माणूस बोलायचा कमी आणि मोजायचा फार. सुकाणूच्या बिजागरीपासून दांड्यावर हातभर अंतर मोजून त्यानं खूण केली, पुसली, पुन्हा केली. दांडा बरोबर मधे धरायला नवऱ्याला अर्धा तास उभं केलं, शहाण्याचा हात दांड्याशी काटकोनात येतो का ते गुण्यानं तपासलं, मग कुठं ड्रिल लावला. बाकात भोक पाडून त्यात पितळेची वाटी बसवली, भोवती डिंकासारखं काहीतरी भरलं आणि सांगितलं, की हे वाळेपर्यंत याच्याकडे कोणी बघायचंसुद्धा नाही. बॅटरीपासून तार ओढली, मधे फ्यूज घातला. ती काठावर बाळाला घेऊन उभी राहून सगळं बघत होती. फ्यूज किती अँपिअरचा, तार गरम होईल का, आणि बाळानं ती चावली तर काय, असे तीन प्रश्न तिनं विचारले. मिस्त्रीनं पहिल्या दोनांची उत्तरं दिली आणि तिसऱ्यासाठी तारेवर प्लॅस्टिकची नळी चढवून दिली. तिला तो माणूस आवडला.

दुसऱ्या दिवशी शहाण्याला होडीची ओळख करून द्यायची होती. मिस्त्रीनं समजावलं, की होडीत जे काही लोखंड आहे, इंजिन, नांगर, ते होकायंत्राला चुकवतं. म्हणून शांत पाण्यात होडी अगदी हळू, सावकाश गोल फिरवायची, दोन-तीन फेऱ्या. तेवढ्यात शहाणा सगळं लोखंड जोखून घेतो आणि पुढे तेवढं वजा करून चालतो. पण त्या वेळी होडीत जे नेहमीचं नाही ते लोखंड नको. त्यानं सगळ्यांच्या किल्ल्या, फोन, स्वतःचे पाने, नवऱ्याचा चाकू आणि पट्टा एका प्लॅस्टिकच्या बादलीत घालून काठावर ठेवले. नवरा एका हातानं विजार धरून होडीत चढला.

सासूबाई त्याआधीच चढल्या होत्या. पैसे कशात घातले ते बघायला आल्या होत्या म्हणे. उजव्या बाकावर, शहाण्याला अगदी खेटून, शिडाची सावली पडते तिथं त्या बसल्या होत्या, आणि बाळाच्या चादरीला काठ घालत होत्या. मांडीशी त्यांची शिवणाची पत्र्याची पेटी. तिच्यात चार कात्र्या, आणि टाचण्या गोळा करायला एका जुन्या लाउडस्पीकरमधून काढलेलं पावाएवढं लोहचुंबक.

मिस्त्रीनं पेटीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं आभाळाकडे बघितलं. सासूबाईंना ‘उठा’ म्हणायची त्या घरात पद्धत नव्हती. कोणी कधी म्हटलं नव्हतं, त्यामुळे म्हटल्यावर काय होतं हेही कोणाला ठाऊक नव्हतं. त्यात मिस्त्रीच्या शाळेच्या चड्ड्या सासूबाईंनीच शिवलेल्या. तो खाकरला आणि म्हणाला की करूया सुरू. होडी तीन गोल फिरली. शहाण्यानं एक लांब शिट्टी दिली, म्हणजे सगळं लोखंड समजलं. सासूबाईंनी दोरा दातानं तोडला.

त्या दिवशी होडी दोरी लावल्यासारखी सरळ गेली आणि सरळ परत आली.

नंतरच्या खेपेला नवरा एकटा गेला. होडी धक्क्यापासून शंभर हात गेली आणि गोल फिरायला लागली. ‘घुर्र, टक, घुर्र, टक’ करत शहाणा तिला असा फिरवत होता जसा काही तोच त्याचा उद्योग. तिसऱ्या दिवशी सासूबाई वाऱ्याला म्हणून सोबत गेल्या, पेटीसकट, होडी सरळ. चौथ्या दिवशी त्या गेल्या नाहीत; होडी गोल. धक्क्यावर बसणारी मंडळी आता खुर्च्या घेऊन येऊ लागली.

नवऱ्यानं निष्कर्ष काढला की हा तोलाचा प्रश्न आहे. उजव्या बाकावर आईएवढं वजन हवं. त्यासाठी आईचं वजन कळायला हवं होतं. त्यानं आडवळणानं विचारलं, सासूबाईंनी सरळ विचारलं की तुला कशाला हव्यात चौकशा, आणि तो विषय तिथं संपला. मग त्यानं अंदाजानं वाळूची पोती भरली. एक पोतं, दीड पोतं, पावणेदोन पोती. ती ओली होऊ नयेत म्हणून त्यांच्यावर आईची जुनी शाल पांघरली. लांबून बघणाऱ्याला वाटावं, की सासूबाई बसल्यात आणि जरा फुगल्यात. होडी गोल गोल फिरत राहिली. कोणीतरी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं की मुलानं तुमच्या जागी पोतं बसवलंय. त्या दिवशी नवऱ्याला कोणी जेवायला हाक मारली नाही.

ती मात्र वहीत लिहीत होती. बाळाच्या झोपेचे आणि दुधाचे रकाने होतेच, त्यांच्या शेजारी तिनं आणखी दोन आखले: सासूबाई, होडी. आठवडाभर दोन्ही रकाने जोडीनं चालले. मग एका गुरुवारी सासूबाई पेटी न घेता गेल्या, कात्र्या धार लावायला दिल्या होत्या आणि पेटी उन्हात वाळत होती. आणि होडी गोल फिरली. तिनं पेनाचं टोपण चावलं. कॉलेजात ती दोन वर्षं पदार्थविज्ञान शिकली होती आणि त्याचा संसारात आजवर काडीचा उपयोग झाला नव्हता. ती अंगणात गेली, वाळत ठेवलेली पेटी उघडली आणि चुंबकाजवळ हातातली सेफ्टी पिन नेली. पिन बोटांतून उडून गेली.

नवऱ्याला तिनं स्वयंपाकघरात, नळ सोडून, सगळं सांगितलं. पेटी बाजूला ठेवून होडी पुन्हा तीनदा फिरवली की झालं. त्याला ते पटलं, आणि पटल्याबरोबर त्याचा चेहरा उतरला. कारण गेले आठ दिवस सासूबाई गल्लीत सगळ्यांना सांगत होत्या, की यंत्राला माणसाची पारख असते. भाजीवाल्यापर्यंत बातमी गेली होती. त्या आता होडीवर जाताना इस्त्रीची साडी नेसत. आणि आज त्यांना सांगायचं, की पारख तुमची नाही, चुंबकाची आहे?

“मी खाडी पोहत जाईन,” नवरा म्हणाला, “पण हे तिला मी सांगणार नाही.”

पेटी तेवढी मागून घ्यावी म्हटलं, तर ती पेटी सासूबाई कोणाला पाच मिनिटंही देत नसत. त्याच दिवशी सकाळी बाळ पेपरवाल्याकडे बघून हसलं नव्हतं. रडलंही नव्हतं, नुसतं बघत राहिलं होतं, खालचा ओठ जरासा पुढं काढून. वहीत तिनं लिहिलं, ‘ओठ.’

ती तडक सासूबाईंकडे गेली आणि म्हणाली, की आई, तुम्ही आलात तरच होडी पलीकडे जाते. यात एकही शब्द खोटा नव्हता. सासूबाईंनी मशीनचं चाक थांबवलं. मग त्यांनी अटी सांगितल्या: येईन, पण होडीतून पाय खाली ठेवणार नाही. तुम्ही जा, भेटा, या. मी बसून राहीन. आणि त्या पोत्यांना होडीतून काढा.

शनिवारी निघाले. तिनं सगळ्यांना लाइफजॅकेट घातली. बाळाचं इतकं मोठं होतं की आत बाळ आहे की नाही ते वाकून बघावं लागे, आणि ती दर दोन मिनिटांनी बघत होती. सासूबाईंनी लाइफजॅकेटाची शिवण तपासली, नाक मुरडलं, आणि घातलं. उजव्या बाकावर त्या, मांडीशी पेटी, बाजूला शहाणा. नवऱ्यानं शीड चढवलं, बटण दाबलं, दोन्ही हात वर करून दाखवले. दांडा आपोआप हलत होता. होडीत एकाएकी हातच हात झाले.

अर्धी खाडी सुरेख गेली. मग बाळ कुरकुरायला लागलं, सासूबाई त्याला खेळवायला म्हणून उठल्या आणि सवयीनं पेटी काखेत घेतली. होडीनं रीतसर मान वळवली आणि घराकडे निघाली. नवरा ओरडणार तेवढ्यात त्या परत बसल्या. होडी परत फिरली. थोड्या वेळानं सासूबाईंनी पेटी बाकावर वीतभर पुढं सरकवली, उगाच सरकवावी तशी. होडी डावीकडे वळली. मागे सरकवली. होडी उजवीकडे. मग त्यांनी पेटी जागच्या जागी ठेवून स्वतः उभं राहून बघितलं. होडी सरळ.

सुनेनं हे सगळं पाहिलं. सासूबाईंनी, तिनं पाहिलं हे पाहिलं. दोघींनी एकदमच बाळाच्या लाइफजॅकेटात डोकावलं.

पलीकडचा धक्का दिसू लागला. नवऱ्यानं इंजिन सुरू करून हळू ठेवलं आणि शीड उतरवायला पुढं गेला. ते अर्ध्यात अडकलं आणि तो त्यात गुंडाळला गेला. धक्क्यावर तिचे बाबा उभे होते, आणि त्यांच्या पुढ्यात खुर्चीत आई. आईनं दुर्बीण आणली होती. धक्का दीडशे हातांवर आला, आणि होडी शांतपणे वळून गोल फिरायला लागली.

एक फेरी झाली. दुसरी झाली. शिडाच्या आतून नवरा विचारत होता की काय झालं. तिनं बाकाकडे बघितलं. सासूबाईंचं कोपर पेटीला रेटलेलं होतं, आणि पेटी शहाण्याला चिकटलेली. सासूबाई मात्र क्षितिजाकडे बघत होत्या.

“आई,” ती म्हणाली, “माझ्या आईला बाळ बघायचंय.”

“मी कुठं नाही म्हणतेय. यंत्र नाही म्हणतंय.”

तिसऱ्या फेरीत धक्का जवळून गेला तेव्हा खुर्चीतून हाक आली, की विहीणबाई, होडी तुम्ही चालवताय की काय? दुर्बिणीतून खुर्चीतल्या आईला एवढंच दिसत होतं, की जावई कुठं नाही, आणि विहीणबाई ताठ बसल्यात. सासूबाईंच्या मानेला एक झटका बसला. त्या म्हणाल्या, “मग काय तुमचा शिंपी चालवतोय?”

चौथी फेरी सुरू झाली. बाळ आता त्याच त्या टाकीकडे चौथ्यांदा बघत होतं आणि त्याचा खालचा ओठ पुढं यायला लागला होता. तिनं तो ओठ बघितला मात्र, आणि साडेआठ महिन्यांत जे कधी केलं नव्हतं ते केलं. एरवी ती बाळ कोणाच्या हाती देताना मान धरा, पाठ धरा, उन्हाकडे तोंड नको अशा सतरा सूचना द्यायची. आत्ता तिनं एक अक्षर न बोलता बाळ सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं, अंगठ्यानं उचलून शहाण्याला दांड्यावरून सोडवलं आणि दांडा स्वतः धरला. हातातला दांडा जिवंत जनावरासारखा ओढत होता. एक लाट आडवी आली आणि तिला डोक्यापासून भिजवून गेली. डोळ्यांत खारं पाणी, काही दिसेना. तिनं बाकाखालचं नवऱ्याचं टोपीवालं पिवळं जाकीट अंगावर ओढलं, त्याच्या खिशातला काळा गॉगल चढवला, आणि होडीचं नाक खुर्चीवर रोखलं.

सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. हलणार कशा, बाळानं त्यांच्या दोन्ही बांगड्या पकडल्या होत्या. बाजूला शहाणा एकटाच हवेत ‘घुर्र, टक’ करत होता.

धक्क्याला होडी लागली ती जरा जोरातच. बाबांनी दोरी झेलली. नवरा अजून शिडातून एक पाय बाहेर काढत होता. ती दांडा सोडायला घाबरत होती. सोडला तर पुन्हा गोल फिरू असं तिला वाटत होतं. म्हणून बाळाला वर न्यायला एकच माणूस मोकळं होतं. सासूबाईंनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, पेटी तिथंच टाकली, आणि बाळाला छातीशी धरून दोन पायऱ्या चढून थेट खुर्चीपुढं जाऊन उभ्या राहिल्या. पाय खाली ठेवल्याचं त्यांच्या लक्षातही आलं नाही, किंवा आलं असेल तर बाळ हातात असताना ते मोजायचं नसतं.

चार वर्षांत दोघी बोलल्या नव्हत्या, होडीतलं ते एक वाक्य सोडलं तर. तिची आई बाळाकडे बघत राहिली. बाळ तिच्याकडे बघत राहिलं. ती दांडा धरून, श्वास धरून, खालून बघत राहिली. ओठ पुढं आला, थरथरला, आणि आत गेला. बाळानं हात पुढं केला आणि आजीचं नाक धरलं.

“अगबाई, हात किती गार आहेत याचे,” आई म्हणाली. “एवढ्या वाऱ्यात टोपी नाही घातली?”

“मी निघताना म्हटलं होतं,” सासूबाई म्हणाल्या.

त्या काहीही म्हणाल्या नव्हत्या.

“आणि हे काय कापड घातलंय आत, टोचत असेल.”

“विकतचं आहे. मी दहा शिवून ठेवलेत, पण आमचं कोण ऐकतंय.”

“तिचं लहानपणापासून असंच, पुस्तकात असेल तेवढंच.”

“वहीत लिहिते ना.”

“अजून लिहिते?”

सासूबाईंनी बाळ आईच्या मांडीवर दिलं आणि खुर्चीच्या हातावर टेकल्या. टेकता टेकता आईच्या खांद्यावरची शाल नीट केली, आणि त्यांनी एका बोटानं खांद्याचं माप घेतल्याचं कोणाच्या लक्षात आलं असेल तर फक्त सुनेच्या. बाळ मांडीवर उड्या मारत होतं, हसत होतं, आणि आई रडत होती, पण तोंड चालूच होतं.

तेव्हा कुठं तिनं दांडा सोडला. होडी हलली नाही. ती पायऱ्या चढून वर आली, ठिबकत, पिवळ्या टोपीत, काळ्या गॉगलमध्ये, आणि दोन्ही हात पसरून बाळापुढं वाकली.

बाळानं तिच्याकडे पाहिलं. हसू जागच्या जागी थांबलं. खालचा ओठ पुढं आला, आणि मग साऱ्या धक्क्यानं वळून बघावं असं भोकाड पसरून त्यानं आजीच्या पदरात तोंड खुपसलं.

“कोणाला घाबरलं गं?” सासूबाईंनी विचारलं.

“आईला,” तिची आई म्हणाली. “जा बाई, तू जरा लांब उभी राहा.”

ती लांब जाऊन उभी राहिली.